पाठमोरी

बिबवेवाडीतून निघेतो साडेसात.
आईने आरसा तीनदा पुसला,
एकदा देवाचं नाव घेतलं, एकदा पहिल्या गिअरचं.
साठाव्या वर्षी लायसन्स, तेही दुसऱ्या खेपेला;
आरटीओच्या मैदानात आठ काढताना
तिने एक कोन पाडला होता,
तो अजून मधूनच तिच्या बोलण्यात आडवा येतो.

मी शेजारी. मागे जुई, मांडीवर चकल्यांचा डबा,
आणि ठकूआजी, चपला काढून,
सीटवर मांडी घालून, ओट्यावर बसते तशी.
"पट्टा लाव की, पणजी."
"मला कोण चोरून नेतंय?"

कात्रजच्या चौकात आई बायपासकडे वळणार,
तेवढ्यात मागून:
"जुन्या घाटानं घे."
आई म्हणाली, "आई, घाटात वळणं आहेत."
"मग वळव."

घाट दुसऱ्या गिअरवर.
मागचा गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून
जेवायला गेल्यासारखा.
"बायको दवाखान्यात असेल त्याची," आई म्हणाली,
पण वाट काही दिली नाही.
बोगद्यात जुई ओरडली,
बोगद्याने तिचं तिला परत केलं.

बाहेर पडलो. खालचं खोरं उघडलं.
आजी माझ्या सीटची मान धरून उठली:
"हे असं समोरून कसं काय येतंय?"

मंडईला माल न्यायची ती.
पहाटे तीनला, टेम्पोच्या हौद्यात, शेपूच्या जुड्यांवर,
केबिनला पाठ लावून, तोंड घराकडे.
नऊ वर्षं.
पुण्याकडे बघत ती पुण्याला कधी गेलीच नाही;
पुणं आधी पाठीला लागायचं, मग दिसायचं.
रस्ता म्हणजे तिच्या लेखी
पायापासून सुटून बारीक होत जाणारी वस्तू:
दार, मग चिंच, मग ओढ्याचा पूल, मग अख्खा डोंगर,
मग बोगदा, आणि गुडूप.
चांदणं असलं तर दिसायचं.
नसलं तर ठाऊक होतं.

"आणि परत येताना?" जुईने विचारलं.
"परत येताना झोपायची."

आता शिंदेवाडी मोठी होत आली,
वेळूचा पूल मोठा होत आला,
आजी मागे रेलली, अंगावर येतंय म्हणून.
गोदामं, फरश्यांची दुकानं,
मिसळीच्या पाट्यांवर एकेक मिशीवाला.
चिंच नव्हती. तिथे गाड्या धुवत होते.
आजीने तरी बोट केलं, "चिंच,"
आणि आईने तरी गाडी हळू केली.

"दारात कोण असायचं?"
"कंदील असायचा. कंदिलापाशी ही."
ही म्हणजे स्टिअरिंगवरचे दोन हात,
दहाला दहा आणि दोनला दोन, शिकवल्याप्रमाणे.

बराच वेळ नुसता इंडिकेटर वाजत राहिला,
वळायचं कुठेच नसताना.
मग आई रस्त्याशी बोलल्यासारखी म्हणाली,
"तू गेलीस की विझव म्हणायचीस. मी विझवायची नाही.
टेम्पोचा लाल दिवा पार जाईपर्यंत."

"दिसायचा की मला," आजी म्हणाली.
"रोज म्हणायचे, रॉकेल संपवतीय कार्टी."

घराच्या जागी पत्र्याचं कुंपण, आत कुत्रं.
मोरीच्या कठड्यावर बसून चकल्या खाल्ल्या.
आजीने एक चकली कुत्र्याला टाकली,
एक पदराला बांधली. कशाला, कोणी विचारलं नाही.

परत फिरलो. गाडी रस्त्याला लागायच्या आत
आजीला झोप लागली, पुण्याकडे तोंड करून,
जुईच्या खांद्यावर डोकं, पट्टा न लावता.
आईने आरसा खाली केला.
थोडा आणखी खाली.
मागची वाहनं त्यात दिसणार नव्हती,
हे मलाही कळत होतं, जिला गाडी येत नाही.